भरती व्हायचं का, हे तिला कुणी विचारलं?

(महिला मंडळे व समुपदेशन केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आज मला विषय दिलाय तो असा : मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहून उपचार घ्यावेत का, आणि हे बाईनं कसं ठरवायचं. वरवर पाहता उत्तर सोपं आहे. डॉक्टर म्हणतील तसं करायचं. अपेंडिक्सचं ऑपरेशन करायचं की नाही यावर आपण शिबिरं घेत नाही. पण अपेंडिक्ससाठी भरती झालेली बाई घरी येते तेव्हा शेजारणी खिचडी घेऊन येतात, माहेरचे भेटून जातात. मनाच्या आजारासाठी आत राहून आलेल्या बाईकडे कुणी खिचडी आणत नाही. तिच्या नवऱ्याला दुसरं लग्न सुचवणारे मात्र येतात. त्यामुळे बाईच्या बाबतीत भरतीचा निर्णय जसा औषधांचा असतो, तसाच तो घराचा, मुलांचा, नोकरीचा आणि कधी कधी लग्नाचाही असतो. आणि एवढा मोठा निर्णय बहुतेक वेळा तिला न विचारता होतो.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी काही वर्षं एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात होते. आता स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. तिथे भरती झालेल्या बायका पाहिल्या. इथे, भरती करतील या धास्तीनं पळून आलेल्या पाहते, आणि भरती व्हायला हवी असून न झालेल्याही पाहते. मी डॉक्टर नाही. कुठल्या आजाराला कुठलं औषध, हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मला बोलायचंय ते निर्णयाबद्दल.

आमच्या केंद्रावर येणारे बरेचसे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. "ताई, हिला कुठंतरी ठेवायचंय." बोलणारा नवरा असतो, भाऊ असतो, कधी सासू, तर कधी अगदी थकून गेलेली आई. मी विचारते, "त्यांचं स्वतःचं काय म्हणणं आहे?" पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही. मग उत्तर येतं, "तिला काय कळतंय?"

तिला काय कळतंय, या प्रश्नापासूनच सुरुवात करूया. पुष्कळ कळत असतं. ज्या बाईला भिंतीतून आवाज ऐकू येतात, तिलाही आपली मुलगी कितवीत आहे, गॅसचा नंबर कधी लावला, कुठला डॉक्टर नीट बोलतो आणि कुठला नुसता चिठ्ठी लिहितो, हे बरोबर सांगता येतं. आजार माणसाचं सगळं डोकं एकदम व्यापत नाही, आणि रोज सारखा नसतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे, तो इथूनच सुरुवात करतो. उपचारांची माहिती समजून घेणं, निर्णयाचे परिणाम ओळखणं, आपला निर्णय बोलून किंवा खुणेनं का होईना सांगणं, एवढं जिला जमतं तिला स्वतःच्या उपचारांबद्दल ठरवता येतं, असं हा कायदा मानतो. तिचा निर्णय घरच्यांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तिला समजत नाही असं ठरत नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. १९१२ च्या कायद्याचं नावच 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' होतं. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला, तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्यातही नातेवाइकाचा किंवा मित्राचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले असले की बाईला नव्वद दिवसांपर्यंत आत ठेवता येत असे. नवरा हाही नातेवाईकच. तेव्हाच्या कार्यकर्त्या या दाखल्यांना का घाबरत, हे यावरून लक्षात येईल.

आता एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ब्लाऊज शिवून घर चालवणारी एक बाई. नवरा तिला आमच्याकडे घेऊन आला. म्हणाला, रात्र रात्र झोपत नाही, माझ्यावर संशय घेते, परवा ताट भिंतीवर फेकलं, हिला भरती करून टाकायचंय. तिघांत बसून तासभर बोललो तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. मग त्याला चहा प्यायला पाठवलं. ती म्हणाली, "संशय कसला ताई, दुसरं बिऱ्हाड आहे त्याचं. मी त्या बाईच्या मुलाचं बारसंसुद्धा बघून आलेय." दंडावर वळ होते. झोप येत नव्हती हे खरं होतं. जेवण तुटलं होतं, कधीमधी जीव नकोसा वाटत होता, हेही खरं. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरवड्याला बाह्यरुग्ण विभागात येऊ लागली. त्याच आठवड्यात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. तिला घरातला मार थांबायला हवा होता. वॉर्डातली कॉट देऊन तो थांबला नसता, फक्त महिनाभर लांबला असता. वर नवऱ्याच्या हातात भरतीचा कागद आला असता.

म्हणून कुणी भरतीचं बोललं की मी आधी हे शोधते, की ही भरती कोणाची अडचण दूर करणार आहे. तिची, की घराची? कधी दोघांची असते, आणि त्यात गैर काही नाही. वेड्यासारखी धावाधाव करून थकलेल्या आईला चार दिवस झोप हवी असते, ती मागणी काही पाप नाही. पण मग ती मागणी तिच्या नावानं मांडावी, मुलीच्या आजाराच्या नावानं नको.

एवढं सांगितल्यावर तुम्ही माना डोलावल्या, ते मी पाहिलं. आपल्या चळवळीला हे पटकन पटतं. आणि का पटू नये? १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढण्यात आली, पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखता येत नाही म्हणून. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांपैकी काही जणी आजही आपल्यात आहेत. मतिमंदत्व वेगळं आणि मनाचा आजार वेगळा. पण संस्थेच्या भिंतीआड बाईच्या शरीराचं काय होऊ शकतं, हे आपण तेव्हा पाहिलं. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी तर सक्तीच्या उपचारांविरुद्ध अनेक वर्षं लिहिलं, लढल्या. हा अविश्वास आपण कष्टानं कमावलाय आणि तो टाकून द्या असं मी म्हणणार नाही.

पण या अविश्वासाचीही किंमत बाईच मोजते, हे मला आज सांगायचंय. ते कदाचित सगळ्यांना आवडणार नाही.

एक बाळंतीण. बाळंतपणाला नऊ दिवस झालेले. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. बाळ आपलं नाही, दवाखान्यात बदललंय, असं ती सांगत होती. मध्येच हसायची, मध्येच बाळाला पदराखाली गच्च दाबून धरायची. सासूनं बाहेरची बाधा ठरवून दृष्ट काढली, अंगारा लावला. माहेरच्यांनी आपल्या ओळखीच्या एका कार्यकर्तीला बोलावलं. ती अनुभवी, मनानं चांगली. तिला वाटलं, मुलगी झाली म्हणून सासरी छळ होत असेल, पोर दमलीय, हिला माहेरी नेऊन विश्रांती द्या. सासरी छळ होतही होता. पण त्या रात्री तिला माहेरची गरज नव्हती, रुग्णालयाची होती. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत अचानक उफाळणारा हा तीव्र आजार हजार बाळंतपणांत एखाद-दुसरीला होतो. तो झपाट्यानं वाढतो, त्यात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बाई चांगली बरी होते. सुदैवानं दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुग्णालयात पोचली. तीन आठवडे राहिली. नंतर एकदा आमच्या केंद्रावर आली तेव्हा मला म्हणाली, "त्या रात्री मला कुणी घट्ट धरून न्यायला हवं होतं."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. स्वातंत्र्याच्या आपल्या कल्पनेत हेही बसलं पाहिजे.

मग राहून उपचार घेण्याची वेळ कधी आली म्हणायची? जीव देण्याचे विचार येतात, एवढ्यावरच भरती लागते असं नाही. असे विचार येणाऱ्या कितीतरी बायका घरी राहून, गोळ्या घेऊन, बोलून बऱ्या होतात. पण कसा द्यायचा हे ठरलंय, कीटकनाशकाची बाटली कुठे ठेवलीय ते ती सांगते, आणि रात्री सोबत कुणी नाही, असं असेल तर थांबू नये. अन्नपाणी बंद झालं असेल तर थांबू नये. आवाज तिला काही करायला सांगत असतील, ती रस्त्यावर निघून जात असेल, आजाराच्या भरात पैसे आणि दागिने वाटत सुटली असेल, तर आत राहणं तिच्या हिताचं असू शकतं. दारू बऱ्याच वर्षांची असेल तर ती घरी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. बायका दारू पीत नाहीत या गोड समजुतीपायी कित्येक जणी विचारतच नाहीत. काही औषधं सुरू करताना रक्त वारंवार तपासावं लागतं, खेड्यातून रोज येणं परवडत नाही, अशा वेळीही थोडे दिवस राहणं सोयीचं पडतं.

उलट दुःख आहे, चिंता आहे, झोप उडालीय, पण बाई स्वतःचं करू शकतेय, सोबत एक तरी भरवशाचं माणूस आहे आणि डॉक्टरकडे जाता येतंय, तर घरी राहूनच उपचार होतात. भरतीनं ते जास्त चांगले होतात असं काही नाही. आणि घटस्फोट घेतेय, जातीबाहेर लग्न करतेय, देवाला मानत नाही, नोकरी सोडत नाही, ही तर आजाराची लक्षणंच नव्हेत. समाजाच्या चालीरीतींशी, नीतिकल्पनांशी वा धर्मश्रद्धांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार असू शकत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

कुठे जायचं याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे भरती म्हटलं की येरवडा आणि ठाणे हीच नावं डोळ्यांपुढे येतात. नागपूर आणि रत्नागिरी धरून राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं जुनी आहेत. पण प्रत्येक भरती तिथेच होते असं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा वॉर्ड असतो, काही जिल्हा रुग्णालयांतही असतो. तिथे बहुधा दिवस किंवा आठवडे राहावं लागतं, आणि सोबत घरचं माणूस राहू शकतं. केसपेपरवर इतर कुठल्याही रुग्णालयासारखंच नाव असतं, याचंही बाईला हायसं वाटतं. माझं मत विचाराल तर पहिल्या भरतीसाठी हाच पर्याय आधी पाहावा. खासगी नर्सिंग होम आहेत, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, आणि अलीकडे जाहिराती करणारी महिन्यावारी पैसे घेणारी 'रिहॅब' आहेत. त्यांतली काही फार चांगली आहेत. काही ठिकाणी मात्र फोन केला की गाडी येते आणि चार माणसं बाईला उचलून नेतात. पैसे भरण्यापूर्वी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणायचं. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री बायकांच्या बाजूला बाई कर्मचारी असते का, भेटायला कधी येऊ देता, एवढं विचारायचं. "पहिला महिना भेट नाही, फोन नाही" असं उत्तर आलं तर तिथून उठायचं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळू शकली नाहीत. आता साखळीनं बांधायला कायद्यानं पूर्ण बंदी आहे, पण बंदी आहे का हे बघायला कुणीतरी आत जाणारं लागतं.

शॉकबद्दल नेहमी विचारतात. सिनेमात दाखवतात तसा, भूल न देता शॉक देणं आता बेकायदा आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन देतात, आणि अन्नपाणी सोडलेल्या, जीव द्यायला टेकलेल्या रुग्णाला त्याचा गुण येताना मी पाहिलाय. तिची संमती मात्र विचारलीच पाहिजे.

आता कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी, ज्या तुमच्या डायरीत लिहून ठेवाव्यात असं वाटतं.

एक जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका होती. तिला कित्येक वर्षांपासून आजार. कधी महिना-दीड महिना उदास, कधी एकदम उधाण. उधाण यायच्या आधीच्या खुणा तिला आता ओळखता येत होत्या. पहाटे तीनला उठून कपाटं लावायला लागली, एका दिवसात चार साड्या घेतल्या, मुख्याध्यापकांना रात्री फोन केला, की ती समजायची. एकदा अशीच ती पिशवी भरून, रजेचा अर्ज टाकून स्वतःच एका रुग्णालयात गेली. खिडकीवर सांगण्यात आलं, "मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." मिस्टर दुसऱ्या गावी. ती परत फिरली. तीन दिवसांनी तिला जे झालं त्याचं वर्णन इथे करत नाही.

कायदा काय म्हणतो? सज्ञान बाई स्वतःहून भरती होत असेल, निर्णय समजून घेत असेल, तर तिच्या भरतीसाठी नवऱ्याची, बापाची, कुणाचीही संमती किंवा हजेरी मागता येत नाही. ती स्वतःहून भरती झाली तर घरी जायचं म्हटल्यावर तिला सोडावं लागतं. फारच धोका वाटला तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवता येतं, त्याहून जास्त थांबवायचं तर वेगळी रीतसर प्रक्रिया करावी लागते. म्हणून जिला शक्य आहे तिनं स्वतःच्या सहीनं आत जावं. स्वतःच्या सहीनं गेलेल्या बाईला स्वतःच्या सहीनं बाहेर येणं सोपं जातं.

दुसरी भरती म्हणजे तिच्या वतीनं दुसऱ्यानं केलेली. ती कायद्यानं फक्त ठरावीक स्थितीत होते : तिनं अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, दुसऱ्यावर हात टाकला किंवा धास्ती बसवली, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्यानं तिच्या जिवाला अपाय होण्याची भीती आहे. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत तीस दिवसांपर्यंत. आणि हे नीट ऐका : रुग्ण बाई असेल तर अशी भरती झाल्यापासून तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. पुरुषासाठी ही मुदत सात दिवसांची आहे. कायदा करणाऱ्यांनी फरक का केला असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे आलेल्या केसमध्ये मंडळाला कळवलं का, हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ ठिकाणी कारभार सुधारतो.

ही भरती करणारा जो माणूस, त्याला कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणतात. तो कोण हे बाईनं आधीच लिहून ठेवलं नसेल तर बहुधा नातेवाईकच होतो. लिहून ठेवायला स्टँपपेपर लागत नाही. साध्या कागदावर, सहीनं किंवा अंगठ्यानं, ती नाव लिहू शकते. बहिणीचं, मैत्रिणीचं, शेजारच्या काकूंचं. नवऱ्याचंच असलं पाहिजे असं नाही. मन बदललं तर नाव बदलता येतं. त्या शिक्षिकेनं बरं झाल्यावर हा कागद केला आणि शाळेतल्या एका सहकारी बाईंचं नाव घातलं. शिवाय आपल्याला पुढे कसे उपचार हवेत, कसे नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. त्याला थोडी जास्त प्रक्रिया आहे, पण तेही करावं.

आणि आत गेल्यावर? कायद्यानं तिला स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, डोकं सक्तीनं भादरता येत नाही, पाळीच्या दिवसांत लागणारं सामान मिळालं पाहिजे, काम सक्तीनं करवून घेता येत नाही, आणि केलं तर मोबदला द्यावा लागतो. भेटीगाठी आणि फोन यांचा हक्क आहे. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर सामान्यतः आईपासून तोडायचं नाही; तोडावंच लागलं तर दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करायचा. बंगलोरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई-बाळ एकत्र राहू शकतील असा वेगळा विभाग आहे. आपल्याकडे असा विभाग मागायला आपण किती मोर्चे काढले? एकही नाही. विचार करा.

आता ज्यासाठी मी खरं तर आज उभी आहे, ते. बाहेर येणं.

सार्वजनिक रुग्णालयात असताना डिस्चार्जच्या दिवशी मी कागद तयार ठेवून बसायची. पुरुष रुग्णाची आई, बायको, भाऊ सकाळी आठलाच दारात. बायकांच्या वॉर्डात दुपार व्हायची. फोन लागायचा नाही. पत्त्यावर गेलं तर त्या पत्त्यावर तसं कुणी राहतच नसायचं. एकदा एका बाईला घेऊन मी स्वतः तिच्या गावी गेले. दारात तिची धाकटी जाऊ उभी होती, अंगावर हिचीच पैठणी. हिनं ती ओळखली. काही बोलली नाही.

केवळ घरचे नेत नाहीत किंवा घर नाही, एवढ्या कारणानं कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, समाजात राहण्याचा तिला हक्क आहे, असं कायदा म्हणतो. पण मग तिनं जायचं कुठे? अर्धवाट निवास आणि सामूहिक घरं सरकारनं उभारायची आहेत, ती फार थोडी आहेत. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्याचं सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं. बरी झालेली बाई भिक्षेकरी गृहात!

म्हणून माझं सांगणं असं, की वेळ हातात असेल तर आत जाण्यापूर्वी बाहेर येण्याची तयारी करा. तीव्र आणीबाणीत हे जमत नाही, तेव्हा कार्यकर्तीनं तिच्यासाठी करायचं. दागिने कुठे आहेत, बँकेचं पासबुक, एटीएम, आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, यांची यादी करून विश्वासाच्या माणसाकडे द्या. कोऱ्या कागदावर सही नाही. घराच्या, शेताच्या कागदावर तर आजारपणात अजिबात नाही. मुलं कोणाकडे राहतील हे तिच्या तोंडून, मुलांच्या समोर ठरू द्या. आई कुठे गेलीय हे त्यांना खरं सांगा. नोकरी असेल तर वैद्यकीय रजेचा अर्ज. आरोग्यविमा असेल तर तो बघा. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरावं असं कायद्यात आहे. आणि कोण कधी भेटायला जाणार ते वहीत लिहा. जिला दर आठवड्याला कुणी भेटायला येतं, तिच्याशी वॉर्डात वेगळ्या तऱ्हेनं वागलं जातं. हे मी आतून पाहिलंय.

सासरच्यांनी दार लावलं तर? आजारी पडल्यानं घरातला हक्क जात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं घर तिच्या नावावर नसलं तरी नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. घटस्फोटाची भीती घालतात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचं कारण आहे खरं, पण जोडीदारानं एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये इतका तो तीव्र असल्याचं सिद्ध करावं लागतं. नुसतं आजाराचं नाव लिहिलेला कागद दाखवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलंय. बाईला, तिचं उत्पन्न काहीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि उपचारांच्या कागदांची प्रत तिनं स्वतः मागून घ्यावी, तो तिचा हक्क आहे. ते कागद नवऱ्याच्या कपाटात असू नयेत.

वेळ झालीय. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेते.

"बाई ऐकतच नसेल, तर देवाला जाऊ, लग्नाला जाऊ असं सांगून गाडीत बसवलं तर चालेल का?"

नाही चालणार. घरचे हे करतात, कारण त्यांनाही दुसरं सुचत नाही, हे मला समजतं. पण अशी फसवून नेलेली बाई पुढे गोळी तोंडात धरून नंतर थुंकते, कारण त्या दिवसापासून घरच्यांनी हातावर ठेवलेल्या कशावरच तिचा विश्वास नसतो. तिला सांगायचं, की आम्हाला तुझी काळजी वाटतेय, आपण डॉक्टरकडे जातोय, ते राहा म्हणतील किंवा म्हणणार नाहीत. ती शिव्या देईल, रडेल. तिच्या मर्जीतलं एक माणूस शोधा, पुष्कळदा ते घराबाहेरचं असतं. ज्या दिवशी ती थोडी शांत असेल त्या दिवशी बोला. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कुठल्याही वेळी, मराठीतून, पैसे न देता बोलता येतं. आधी तुम्हीच बोला. आणि खरोखर जिवावर बेतलं असेल तर १०८ बोलवा, पोलिसांची मदत घ्या, पण तेव्हाही तिला काय चाललंय ते सांगत राहा. बाळंतीण होती ना, मघाशी जिच्याबद्दल बोलले, तिला चौघांनी धरून नेलं होतं. तिची आई सगळा रस्ता तिच्या कानाशी सांगत होती, "दवाखान्यात चाललोय गं, बाळ माझ्याकडे आहे, दवाखान्यात चाललोय." बाकी काही आठवत नसलं तरी ते आपल्याला आठवतं, असं ती म्हणाली.